वेळेचा अनुशेष

(भिवापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



अभ्यासवर्गात आपण बहुधा जमीन, मजुरी, भाव आणि कर यांविषयी बोलतो. आज मी जो प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे तो प्रथमदर्शनी शाळेतल्या काळ-काम-वेगाच्या गणितासारखा वाटेल. नागपूरचा विमानतळ आणि मुंबईचा विमानतळ यांमधील अंतर किती, आणि ते कापण्यास विमानाला वेळ किती लागतो? भिवापूरसारख्या गावी, जेथे मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडणाऱ्या बाईने विमान पाहिलेच असेल तर ते आकाशातून जाताना, तेथे या प्रश्नाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, त्याचे प्रयोजन येथेच सर्वांत अधिक आहे. अंतर ही भूगोलाची बाब आहे. ते अंतर कोणाला किती तासांत कापता यावे, ही बाब मात्र अर्थकारणाची आणि सत्तेची आहे.

प्रथम गणित उरकून घेऊ. सोनेगावच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेषेत अंतर सुमारे ६८३ किलोमीटर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे ही रेषा वस्तुतः महावर्तुळाचा कंस असते. परंतु इतक्या थोड्या पल्ल्यात नकाशावरची सरळ रेषा आणि हा कंस यांत फारसा फरक पडत नाही. हेच अंतर समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर भरते, आणि भुसावळमार्गे लोहमार्गाने ८३७ किलोमीटर. आता वेळ. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते असे धरले, तर ६८३ किलोमीटरांना ५१ मिनिटे लागावयास हवीत. प्रत्यक्षात ते तास-सव्वा तास हवेत असते, आणि वेळापत्रकात तर सुमारे दीड तास लिहिलेला असतो. कारण विमानाला चढावयास वेळ लागतो, उतरावयास लागतो. धावपट्टीपर्यंत सरपटत जावे लागते. मुंबईचे आकाश गर्दीचे असल्यामुळे पुष्कळदा घिरट्या घालाव्या लागतात. आणि हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे वरच्या थरातले वारे मुंबईकडे जाणाऱ्या विमानाच्या तोंडावर येतात. म्हणून सरळ भागाकार करून आलेल्या उत्तरात अर्धा तास मिळवावा, असा ढोबळ नियम सांगितला जातो. हा अर्धा तास पल्ला लहान असो की मोठा, द्यावाच लागतो.

परंतु माणूस धावपट्टीवर राहत नाही. तो गावात राहतो. भिवापूरच्या माणसाला मुंबईस विमानाने जावयाचे असेल तर त्याचा प्रवास भिवापूरच्या बसथांब्यावर सुरू होतो. नागपूर येथून पासष्ट-सत्तर किलोमीटर. उमरेडमार्गे एस.टी.ला दीड-दोन तास लागतात. गाडीची वाट पाहण्याचा वेळ निराळा. नागपूरच्या बसस्थानकावरून सोनेगाव गाठण्यास अर्धा तास. विमान सुटण्याच्या दीड-दोन तास आधी तेथे हजर राहावयाचे. मग उड्डाण. मुंबईस उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडावयास आणि इच्छित ठिकाणी पोहोचावयास आणखी दीड तास धरा. बेरीज सात-साडेसात तासांची होते. त्यांतला सव्वा तासच तेवढा विमान हवेत असते. उरलेला सगळा वेळ जमिनीवर, रांगेत आणि थांब्यावर जातो. विमान सकाळी लवकरचे असेल, तर आदली रात्र नागपुरात कोणाकडे तरी काढावी लागते, ती वेगळीच.

या बेरजेतून एक साधा निष्कर्ष निघतो. उद्या एखाद्या शास्त्रज्ञाने विमानाचा वेग दुप्पट केला, तर या प्रवासातली पंचवीस मिनिटे वाचतील. भिवापूरहून वेळेवर सुटणारी एक एस.टी. मिळाली, तर तासभर सहज वाचेल. पंचवीस मिनिटांसाठी कारखाने, प्रयोगशाळा आणि परकीय चलन लागेल. तासभरासाठी एक गाडी, एक चालक, एक वाहक आणि एक वेळापत्रक पुरेल. तरीही प्रगती या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर पहिलेच चित्र येते. असे का व्हावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

नागपूर आणि मुंबई यांमधील अंतराचा प्रश्न विदर्भात जसा भावनेचा झाला तसा अन्यत्र झाला नाही. त्याला इतिहास आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी होती. मंत्रालय, विधानसभा, उच्च न्यायालय सर्व नागपुरात. भिवापूरचा माणूस अर्ज घेऊन सकाळी निघाला तर राजधानीतले काम आटोपून त्याच दिवशी घरी परत येऊ शकत होता. काम होवो वा न होवो, जाणे-येणे त्याच्या आवाक्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. त्या एका दिवसात भिवापूर तसूभरही हलले नाही. परंतु भिवापूरची राजधानी पासष्ट-सत्तर किलोमीटरांवरून नऊशे किलोमीटरांवर गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे मोल मी कमी लेखत नाही. त्या लढ्यात आपल्या विचारांची माणसे तुरुंगात गेली आहेत. पण एका ऐतिहासिक घटनेची किंमत कोणी किती मोजली, हे अर्थशास्त्राने नोंदवून ठेवलेच पाहिजे.

ही अडचण त्या काळच्या नेत्यांना दिसत नव्हती असे नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात शासनाने दर वर्षी ठरावीक काळ नागपुरास यावे आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन तेथे भरवावे, असे कलम होते. त्याच करारातून उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरात राहिले. या दोन तरतुदींची तुलना करून पाहा. न्यायालयाचे खंडपीठ वर्षभर नागपुरात असते; त्यामुळे उमरेड-भिवापूरच्या पक्षकाराला न्यायासाठी मुंबईस जावे लागत नाही. शासन मात्र हिवाळ्यात काही दिवस येते आणि परत जाते. मंत्री, सचिव, त्यांच्या संचिका या सर्वांची ने-आण होते; नागरिकाचे काम त्या दिवसांत झाले नाही, तर त्याची पुन्हा मुंबईची वाट. एका तरतुदीने सत्ताच नागरिकाच्या जवळ आणली. दुसरीने सत्तेला अधूनमधून प्रवास घडविला. अंतर कमी करण्याचे हे दोन निरनिराळे मार्ग आहेत, आणि पहिला मार्ग विमानापेक्षा वेगवान आहे.

१९५६ नंतर ज्याच्यापाशी पैसा होता त्याने ही वाढलेली दूरी विमानाने भरून काढली. व्यापारी, वकील, कंत्राटदार, लोकप्रतिनिधी सकाळी जाऊन रात्री परत येऊ लागले. त्यांच्यापुरती राजधानी पुन्हा जवळ आली. ज्याच्यापाशी पैसा नव्हता तो रेल्वेत रात्रभर बसून गेला, मंत्रालयाच्या दारात दिवसभर उभा राहिला आणि पुन्हा रात्रभर बसून परत आला. म्हणजे एकाच गावातल्या दोन माणसांची राजधानी आता दोन निरनिराळ्या अंतरांवर आहे. यालाच मी वेळेचा अनुशेष म्हणतो.

अनुशेष हा शब्द आपल्याकडे नवा नाही. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला आणि रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांतला राज्याचा अनुशेष रुपयांत मांडला. तो आकडा ३,१८६.७८ कोटींचा होता. पुढे घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. दांडेकरांची शिस्त मोठी होती. परंतु कोणत्याही समितीने आजवर एक गोष्ट मोजली नाही. राज्यातल्या सरासरी नागरिकाला दवाखाना, न्यायालय, तहसील आणि राजधानी गाठण्यास किती तास लागतात, आणि भिवापूर तालुक्यातल्या नागरिकाला त्याहून किती अधिक तास लागतात? रस्ता झाला की अनुशेष भरला असे आपण मानतो. रस्त्यावर गाडी येते की नाही, हा स्तंभ त्या तक्त्यात नसतो.

आता मी माझ्या शास्त्राकडे वळतो, कारण या दुर्लक्षाला शास्त्राचाही हातभार लागलेला आहे. विमानतळाची नवी इमारत, महामार्ग, पूल असे एखादे सार्वजनिक काम करावे की न करावे, हे ठरविताना लाभ आणि खर्च यांचा ताळेबंद मांडतात. लाभाच्या बाजूला वाचलेल्या वेळेची रक्कम पुष्कळदा सर्वांत मोठी असते. वेळेला रुपयांत कसे मोजतात? ज्याचा वेळ वाचला त्याच्या मिळकतीवरून. मजुराचा तास मजुरीच्या दराने, अधिकाऱ्याचा तास पगाराच्या दराने. वरवर पाहता यात काही गैर दिसत नाही. परिणाम मात्र पाहण्यासारखा आहे.

महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली. आठ तासांनी भागले तर तासाला ३९ रुपये. दुसरीकडे दरमहा दीड लाख मिळविणारा माणूस घ्या; महिन्याचे २०० तास धरले तर त्याचा तास ७५० रुपयांचा. समजा, सरकारपुढे दोन योजना आहेत. पहिलीने विमानाच्या १५० प्रवाशांची प्रत्येकी दहा मिनिटे वाचतात. दुसरीने एस.टी.च्या ४५० प्रवाशांचा प्रत्येकी अर्धा तास वाचतो. पहिलीत माणसांचे एकूण २५ तास वाचले, दुसरीत २२५. म्हणजे दुसरी योजना नऊपट चांगली. आता त्यांना रुपयांचा भाव लावा. पहिलीचे झाले १८,७५० रुपये, दुसरीचे ८,७७५. नऊपट वेळ वाचविणारी योजना कागदावर अर्ध्याहूनही कमी लाभाची ठरली! यात कोणी लबाडी केली नाही, लाच घेतली नाही, खोटा आकडा लिहिला नाही. समाजातली विषमता हिशेबात गुणक म्हणून शिरली एवढेच. ज्याला मजुरी कमी, त्याचा वेळ स्वस्त; ज्याचा वेळ स्वस्त, त्याच्यासाठी गाडी कशाला; आणि गाडी नाही म्हणून तो चांगल्या मजुरीच्या कामावर पोहोचू शकत नाही. हे दुष्टचक्र अंकगणिताच्या पोशाखात फिरत असते.

याला उतारा अर्थशास्त्रातच आहे. श्रीमंताच्या हातातल्या रुपयापेक्षा गरिबाच्या हातातला रुपया अधिक गरज भागवितो, हे मार्शल आणि पिगू यांनी शिकविलेले तत्त्व आम्ही वर्गात पिढ्यान् पिढ्या शिकवीत आलो. ते तत्त्व वेळेच्या हिशेबाला लावले तर तासाची किंमत पगाराने ठरवून थांबता येत नाही. ब्रिटनसारख्या भांडवलशाही देशातही कामाव्यतिरिक्तच्या प्रवासवेळेला सर्व प्रवाशांसाठी एकच सरासरी दर लावण्याची पद्धत सरकारी हिशेबांत अनेक वर्षे रूढ होती. जे तेथे शक्य झाले ते येथे क्रांतिकारक मानण्याचे कारण नाही.

राममनोहर लोहियांनी १९६३ मध्ये लोकसभेत दिवसाला तीन आण्यांवर जगणाऱ्या कोट्यवधींचा प्रश्न उभा केला आणि सरकारला सरासरीच्या आड लपू दिले नाही. तासांच्या बाबतीत तसाच प्रश्न आज विचारण्याची गरज आहे. राज्याने अमुक कोटी प्रवासी-तास वाचविले असे सांगितले जाते, तेव्हा ते तास कोणाचे, असे आपण विचारले पाहिजे.

येथे काही मित्र म्हणतील की विमानाचा वेग मुळातच श्रीमंतांसाठी आहे, त्याच्याशी आपला काय संबंध. हे मला मान्य नाही, आणि त्याचा पुरावा याच नागपूरच्या विमानतळाने दिलेला आहे. ३० जानेवारी १९४९ रोजी रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि चारही विमाने मध्यरात्रीनंतर सोनेगावला येत. सरळ रेषेत नागपूरपासून मुंबई सुमारे ६८३, दिल्ली ८५०, मद्रास ९१० आणि कलकत्ता ९८५ किलोमीटर. देशाच्या मध्यावर असल्यामुळे नागपूर या चौकासाठी निवडले गेले. तेथे टपालाच्या पिशव्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परत जात. मद्रासेत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत पोहोचे. विमानांची गती आजच्या मानाने फार कमी होती. बिनीची विमाने युद्धातून उरलेली डाकोटा होती. ही योजना १९७३ पर्यंत चालली.

या योजनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिच्या दोनच महिन्यांनंतर घडली. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रांवरचा हवाई अधिभार रद्द झाला. जेथे विमानाने पत्र लवकर पोहोचते तेथे ते नेहमीच्याच दराच्या तिकिटावर विमानाने जाऊ लागले. याचा अर्थ असा की, कारखानदाराचे पत्र आणि शेतमजुराचे पत्र एकाच पिशवीत, एकाच विमानात, एकाच दराने आणि एकाच वेगाने गेले. शेतमजूर विमानात बसला नाही, परंतु विमानाच्या वेगातला त्याचा वाटा त्याला मिळाला. यंत्र तेच, आकाश तेच, अंतरही तेच. वाटणीचा नियम बदलला, एवढ्यानेच तो वेग सार्वजनिक झाला. वेगाचे समाजीकरण म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारे उदाहरण मला माहीत नाही.

विमानप्रवास सामान्यांच्या आवाक्यात आणण्याचे प्रयत्न झाले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. २०१६ मध्ये 'उडान' योजना आली. तासाभराच्या, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटरांच्या उड्डाणाला ठरावीक आसनांसाठी २,५०० रुपयांची मर्यादा घातली गेली आणि तूट सार्वजनिक निधीतून भरण्याचे ठरले. हेतू वाईट नव्हता. परंतु महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार पहिल्या तीन फेऱ्यांत मंजूर केलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच होऊ शकली नाही; सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षांची सवलतीची मुदत पुरी केली, आणि त्यानंतरही टिकलेले मार्ग ५४ होते. आपल्या शेजारी गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून मार्च २०२२ मध्ये सेवा सुरू झाली आणि काही महिन्यांत बंद पडली. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने ती पुन्हा सुरू केली. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुटू लागले. या विमानतळांना माझा विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच की, विमानाची तूट भरून काढणे हा विकास आणि एस.टी.ची तूट भरून काढणे हा तोटा, ही भाषा आली कोठून?

विमानाच्या भाड्यातही एक अन्याय दडलेला आहे. महिनाभर आधी ज्याला आपला बेत ठाऊक असतो त्याला तिकीट स्वस्त मिळते; उद्याच जावयाचे असेल त्याला महाग. सहलीला जाणारा महिनाभर आधी ठरवितो. आई गेल्याची बातमी महिनाभर आधी येत नाही. मुंबईस नोकरी करणाऱ्या मुलाने चितेला अग्नी देण्यासाठी तातडीने निघावे, तर एकाच विमानात शेजारी बसलेल्या प्रवाशाच्या तिप्पट भाडे त्याच्याकडून घेतले जाऊ शकते. समजा, त्याला ९,००० रुपये पडले. रोजगार हमीच्या दराने ती जवळजवळ २९ दिवसांची मजुरी झाली. अंतर ६८३ किलोमीटरच. परंतु एकासाठी ते सव्वा तासाचे आणि दुसऱ्यासाठी एकोणतीस दिवसांचे. बाजाराला यात काही वावगे दिसत नाही; त्याच्या भाषेत ही केवळ तातडीची मागणी आहे. हे अटळ आहे असेही नाही. २५ मे २०२० पासून ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत केंद्र सरकारने उड्डाणवेळेनुसार सात गट पाडून प्रत्येक गटाला किमान आणि कमाल भाडे ठरवून दिले होते. साथीच्या काळात जे प्रशासनाला जमले ते दुःखाच्या प्रसंगी प्रवास करणाऱ्यासाठी जमणार नाही, असे म्हणण्यास आधार नाही.

आता जमिनीवर येऊ. नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी या भिवापुरातून जात असे. ती हळू होती, तिची थट्टाही पुष्कळ झाली. पण ती गरिबाची गाडी होती. तांदूळ, भाजी, मिरचीची पोती, शाळा-महाविद्यालयाची मुले, बाजारहाट करणाऱ्या बाया यांना तिच्यात जागा मिळे. नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंद मार्गाच्या कामासाठी ती बंद झाली. रुंद मार्ग हवाच होता, याविषयी वाद नाही. परंतु जुनी गाडी थांबली आणि नवी धावली नाही, अशी वर्षे मधे गेली; त्या वर्षांत ज्यांचे तास गेले त्यांचा हिशेब कोठेही मांडला गेला नाही. याच काळात नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग पुरा होत होता. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी सबंध मार्ग. नागपूर-मुंबई प्रवास आठ तासांवर आल्याचे अभिमानाने सांगण्यात आले. त्या रस्त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. एकाच जिल्ह्यात एका दिशेचे तास घटत होते आणि दुसऱ्या दिशेचे वाढत होते.

आणि तासाची खरी किंमत कोठे कळते? धानाच्या बांधीत किंवा मिरचीच्या शेतात साप चावलेल्या माणसाच्या घरी कळते. अडलेल्या बाळंतिणीच्या घरी कळते. तालुक्यातून नागपूरच्या मेडिकलपर्यंतचा प्रवास विमानाच्या नागपूर-मुंबई उड्डाणाइतका किंवा त्याहून अधिक लांबतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे. तिने प्राण वाचविले आहेत. पण ती येण्यास लागणारा वेळ, तिने कोणत्या दवाखान्यात नेले, तेथे सर्पदंशाची लस आणि रक्त होते की नाही, या सगळ्यांची बेरीज म्हणजे त्या रोग्याचे अंतर. मोठ्या शहरांत वाहतूक थांबवून अवयव विमानतळावर नेले जातात आणि काही तासांत दुसऱ्या शहरी कोणाला तरी जीवदान मिळते. हे विज्ञानाचे आणि माणुसकीचे यश आहे. तोच निश्चय ग्रामीण रुग्णालयात लस ठेवण्यासाठी दाखविला, तर रोग्याला प्रवासच करावा लागणार नाही.

मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या बसवून घेतल्या. गाडीचा वेग त्याने वाढला नाही. परंतु रात्रभर प्रवास करणाऱ्या लाखो लोकांची पाठ टेकली. राज्य कोणाच्या प्रवासाकडे प्रथम पाहते, याचे ते उदाहरण होते. महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली तीही याच भूमिकेतून. २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना मोफत आणि २०२३ मध्ये स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळाला, तेव्हा बाया-म्हाताऱ्यांनी गाड्या कशा भरून टाकल्या हे आपण पाहिले. लोकांना प्रवासाची गरज नव्हती असे नाही. त्यांच्या गरजेपाशी पैसा नव्हता.

तेव्हा आपल्या मागण्या कोणत्या असाव्यात? पहिली, कोणत्याही सार्वजनिक वाहतूक-प्रकल्पाच्या अहवालात वाचणारे तास रुपयांत रूपांतरित करण्यापूर्वी नुसते तास म्हणून प्रसिद्ध करावेत, आणि ते कोणत्या साधनाच्या प्रवाशांचे आहेत हे सांगावे. दुसरी, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणाहून जिल्ह्याचे रुग्णालय, न्यायालय आणि रेल्वेस्थानक यांना जोडणाऱ्या गाड्यांचे हमीचे वेळापत्रक असावे, आणि त्यातली तूट ही शाळा-दवाखान्यावरील खर्चाप्रमाणेच सामाजिक खर्च मानावी. तिसरी, मृत्यू आणि आजारपण यांसाठी तातडीने प्रवास करणाऱ्यांना विमानभाड्याची कमाल मर्यादा असावी. चौथी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची, ज्या निर्णयांसाठी भिवापूरच्या माणसाला मुंबईस जावे लागते ते निर्णय नागपुरात, आणि ज्यांसाठी नागपुरास जावे लागते ते भिवापुरात घेण्याचे अधिकार वर्षाचे बाराही महिने द्यावेत. लोहियांच्या चौखंबा राज्याची कल्पना गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांची होती. वाहतुकीच्या भाषेत तिचा अर्थ इतकाच की, कागदाने प्रवास करावा, माणसाने नव्हे.

या मागण्या आकड्यांवाचून कोणी ऐकणार नाही, आणि हे आकडे कोणी आपल्याला आणून देणार नाही. म्हणून शेवटी एक काम सांगतो. पुढचे आठ दिवस सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत दोघादोघांनी पाळीपाळीने भिवापूरच्या बसथांब्यावर वही घेऊन बसावे. येणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचाराव्यात: कोठे निघालात, घरून किती वाजता निघालात, आणि गाडी किती वाजता मिळाली. नाव विचारू नये. आठ दिवसांनी त्या वहीची बेरीज करावी आणि ती तास म्हणून मांडावी. तिला रुपयांचा भाव लावू नये. ती बेरीज घेऊन आपण आगार व्यवस्थापकाकडे जाऊ, तहसीलदाराकडे जाऊ, आणि हिवाळ्यात शासन नागपुरास येईल तेव्हा त्याच्याकडेही जाऊ. उमरेड, कुही, पवनी, नागभीड येथील मित्रांनीही अशीच वही घालावी. विदर्भाच्या अनुशेषाच्या तक्त्यात जो स्तंभ आजवर कोरा राहिला आहे, तो भरण्याची सुरुवात त्या वह्यांतून होईल.